ज्या पाण्याचे जीव त्या पाण्यात

"पाणी दुहेरी फडक्यातनं गाळायचं आन् उकळून प्यायचं. फडकं कुठंबी झटकायचं न्हाई, बरं का सम्मेद. ज्या पाण्यातनं जीव आलं, त्याच पाण्यात न्हेऊन सोडायचं. त्येंचंबी घरदार असतंय."

एस.टी.च्या खिडकीखाली उभं राहून प्रभावतीबाईंनी लेकाला एवढंच सांगितलं होतं. जपून राहा, बातम्या कळव, असलं काही त्या बोलल्या नाहीत. पाणी नीट असलं की माणूस नीट राहतो, असा त्यांचा विश्वास.

सीमेवर तोफा धडधडू लागल्या, तशी स्वयंसेवकांची भरती निघाली. सांगलीजवळच्या त्या कृष्णाकाठच्या गावातून एकटा सम्मेद निघाला. गावाने लगेच फलक लावला. त्यावर गावपुढारी नानासोंचा फोटो हातभर आणि 'गावचा वाघ' सम्मेद टिकलीएवढा. "गुडघ्यानं दगा दिला, न्हाईतर मीबी निघालोच असतो," असं नानासो भाषणात म्हणाले. देशाचं रक्षण कुणाकुणाच्या गुडघ्यांवाचून अडलं आहे, हे गावाला त्या दिवशी कळलं.

छावणी माण तालुक्यातल्या उजाड माळावर होती. शत्रू तिथून शेकडो कोस लांब. पहाटे चारला शिट्टी व्हायची. कांबळ्याची घडी अशी चौकोनी घालायची की विटेने लाजावं. मग धावायचं, मग रांगेत उभं राहायचं, मग वाकडे का उभे राहिलात म्हणून शिव्या खायच्या. दुपारी दगड रंगवायचे, एक गेरूने, एक चुन्याने. बंदुका होत्या, पण गोळ्या पुढे सीमेवर गेल्या होत्या. म्हणून नेम धरायचा आणि तोंडानेच 'ठो' म्हणायचं. 'ठो' बारीक निघाला की हवालदार लालासाहेब मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावत. संध्याकाळी हेच लालासाहेब मोबाइलवर बातम्या बघत. बातमीदाराने शत्रूचं एखादं शहर जिंकलं की ते मिशीवर हात फिरवत, जणू इथले दगड रंगल्यामुळेच तिकडचा किल्ला पडला.

सम्मेद जैन; कांदा-बटाटा खायचा नाही, दिवस बुडायच्या आत जेवायचा आणि टँकरचं पाणी गाळायचा. स्वयंपाक्याला दया आली. तो त्याला रोज एक किटली पाणी उकळून देई.

"काय साधूमहाराज," लालासाहेब सगळ्यांदेखत विचारत, "दुश्मनाचं रक्तबी गाळूनच सांडणार का?"

तंबू हसे. सगळ्यात मोठ्याने हसे बिराप्पा. जतकडच्या धनगरवाडीचा, सम्मेदच्या शेजारच्या खाटेवरचा. "ऱ्हाऊ द्या हो उस्ताद. ह्यो किडं राखंल, मी मेंढरं राखीन. देश राखायला तुमी हायसाच की!"

पण रात्री सम्मेदचे पाय दुखले की तेल चोळून द्यायला हाच उठायचा. "तूबी उकळून पी," असं सम्मेद त्याला एकदा म्हणाला होता. "मेंढरांसंगं डबक्यातलं पिऊन वाढलोय गड्या," असं म्हणून बिराप्पाने तांब्या घशात रिकामा केला होता.

फडक्यावर राहिलेलं सगळं सम्मेद एका डब्यात थोड्या पाण्यात जपून ठेवी. आता ते परत करायचं तर पाणी कुठलं, ते कळायला हवं. टँकरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "सरकारी हिरीचं. का, पोहायला जायाचं हाय?"

रविवारी दोन तासांची सुटी मिळाली. बाकीचे झाडाखाली घामाघूम होऊन फौजी थाटाचे व्हिडिओ काढत बसले. सम्मेद डबा घेऊन कोसभर चालत गेला. सरकारी विहीर सापडली, पण ती कोरडी होती. तळात बाभळीचं रोप चांगलं गुडघाभर वाढलेलं. टँकरच्या चाकांच्या खुणा मात्र तिथून पुढे, जुन्या दगडखाणीकडे गेल्या होत्या. खाणीत हिरवं पाणी साचलं होतं. एका कडेला म्हशी डुंबत होत्या, दुसऱ्या कडेला टँकरचा पाइप बुडाला होता.

सम्मेद उभा राहिला. मग पाण्याशी वाकून त्याने डबा अलगद पालथा केला, हात जोडले आणि समाधानाने परत फिरला. व्रत पाळणाऱ्याला समाधान फार स्वस्तात मिळतं.

हे छावणीच्या कॅप्टनसाहेबांना सांगावं का, असं वाटेत त्याच्या मनात येऊन गेलं. पण टँकरच्या कागदावर रोज सही लालासाहेबांची असे. शुक्रवारी पुढे जाणाऱ्यांची यादी लागायची होती, आणि तीही त्यांच्याच हातची. नाव कापलं गेलं तर घरी परत, त्या फलकाखालून, नानासोंच्या डोळ्यांसमोरून. सम्मेद गप्प राहिला. आपलं पाणी तर उकळलेलं आहे, असं त्याने मनाला सांगितलं.

बुधवारपर्यंत अकरा जण आडवे झाले. जुलाब, ताप, उलट्या. बिराप्पाची अवस्था सगळ्यांत वाईट. त्याला धरून उठवावं लागे.

"यादी लागायच्या तोंडावर बरं पोट दुखाय लागलं!" लालासाहेब कडाडले. "ही काय शाळा हाय व्हय? भित्रं म्हणून लिवतो आन् धाडतो घरला. उद्या कॅप्टनसाहेबांची सही, संपला इषय."

गुरुवारी सकाळी सम्मेद बिराप्पाला उकळलेलं पाणी पाजत होता. बिराप्पाचे ओठ फुटले होते.

"वाडीतनं फौजंत आलेला मी पयला," तो म्हणाला. "भित्रा म्हणून गेलो तर आजा उंबरा चढू द्यायचा न्हाई. पोटाचं ऱ्हाऊ दे गड्या, तेवढं भित्र्याचं नाव पुसाय पायजे."

सम्मेदला राहवलं नाही. "तुझी चूक न्हाई. पाणी हिरीचं न्हाईच. खाणीचं हाय, म्हशी बसत्यात त्यात."

"तुला कवा कळलं?"

"रविवारी."

"आन् आज बेस्तरवार." बिराप्पाने पाण्याची वाटी बाजूला सारली. "तू किडं सोडाय गेलतास. त्यो डबा घिऊन."

"व्हय."

"पोचली का समदी सुखरूप?"

बिराप्पा चेष्टेने बोलत नव्हता, हसतही नव्हता. डोळ्यांना दिसतील न दिसतील अशा जिवांसाठी कोसभर चाललेली आपली पावलं सम्मेदला आठवली. आणि शेजारच्या खाटेपर्यंत ती चार दिवसांत एकदाही पोचली नव्हती.

"साहेबांना सांगतो," तो म्हणाला. "खाणीवर न्हेऊन दावतो. तुज्या नावापुढं त्यो शब्द ऱ्हाणार न्हाई. वचन देतो."

"तुमची वचनं लय कडक असत्यात म्हणं," बिराप्पा म्हणाला आणि कूस बदलून पडला.

दहा वाजता कॅप्टनसाहेबांची जीप आली. त्यांच्या तंबूबाहेर लालासाहेब यादी घेऊन उभे होते.

"काय रं साधू?"

"साहेबांना भेटायचंय."

"माझ्या मार्फत. काय काम?"

"पाण्याचं."

लालासाहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी कागद त्याच्यापुढे धरला. "तिसरं नाव वाच. तुझंच हाय. शाना हाईस, जा, दगड रंगवून घे."

सम्मेदने नाव वाचलं. नीट, पूर्ण वाचलं.

"वाचलं, उस्ताद," तो हळूच म्हणाला. आणि त्यांना वळसा घालून, आवाज न करता, तंबूच्या दाराकडे चालू लागला.