गल्लीतली शिक्षा

बसस्टँडवर दारू पिऊन धिंगाणा घातला म्हणून न्यायाधीशांनी गोवर्धनला एक दिवस आत टाकलं असतं, तर बरं झालं असतं. बायकोने 'गावाला गेलेत' म्हणून सांगितलं असतं आणि झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. पण नव्या कायद्यात म्हणे समाजसेवेची शिक्षा आहे. तीही मिळाली कुठे, तर अमरावतीत राजापेठेत, स्वतःच्याच गल्लीत. जिथे त्याचं हाराफुलांचं दुकान, तिथेच आठवडाभर सकाळी अकरापर्यंत झाडू मारायचा. दुकान तेवढे दिवस बंद. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते गोवर्धनला आता कळलं.

शुक्रवारी तो तोंडाला दुपट्टा गुंडाळून नाली काढत होता. पोरगी आकांक्षा, तिला पाहायला अकोल्याची मंडळी रविवारी यायची होती, आणि शिक्षा शनिवारी संपणार होती. आकांक्षाला मुलगा फोटोतच आवडला होता; दोन दिवस ती घरात गुणगुणत फिरत होती. आपल्या दारूपायी हे स्थळ मोडलं तर पोरीला तोंड कसं दाखवायचं, या एकाच विचाराने त्याची झोप उडाली होती.

तेवढ्यात अकोल्याच्या नंबरची मोटरसायकल त्याच्यापुढे येऊन थांबली. टोपी, पांढऱ्या मिशा. फोटोतले केशवराव, मुलाचे वडील. सोयरीक जुळवण्याआधी न सांगता यायचं आणि चार ठिकाणी विचारायचं, ही रीतच आहे.

"काहो भाऊ, गोवर्धन फुलवाल्याले ओळखता काय?"

"ओळखतो."

"माणूस कसा हाये? आमाले त्याच्या घरी सोयरीक करायची हाये. पानठेल्यावर विचारलं, किराण्यात विचारलं. सारे म्हणतात देवमाणूस हाये, कामानं नागपूरले गेला."

म्हणजे गल्ली पोरीसाठी खोटं बोलली होती. आपणही मान हलवली की झालं. पण रविवारी चहा देताना केशवरावांनी हाच आवाज ओळखला तर? आज खरं बोलावं तर आज मोडतं, खोटं बोलावं तर परवा चारचौघांत, पोरीसमोर मोडतं.

"देवमाणूस कायचा," तो म्हणाला. "पेत होता. स्टँडवर राडा केला, कोर्टानं हाती झाडू देला." त्याने दुपट्टा खाली ओढला. "मीच तो. माया पापाचं खापर पोरीवर नका फोडू. पोरगी सोनं हाये."

केशवरावांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. पानठेल्यावरची माणसं इकडे बघायचं टाळू लागली. गोवर्धनला वाटलं, आता हे गाडीला किक मारणार आणि सगळं संपणार.

"माया थोरलीच्या वेळी बी सारे जावयाले देवमाणूसच म्हणले होते," ते शेवटी म्हणाले. "तीन वर्षं झाले, पोरगी माहेरी हाये."

त्यांनी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

"चला घरी. चहा पाजा."

"अकरा वाजेपर्यंत जाता येत नाही. साहेब पाहाले येते. मधात सोडलं तर कोर्टात उभं राहा लागते."

केशवरावांनी गाडी बाजूला लावली, टोपी काढून घाम पुसला आणि सगळ्या गल्लीदेखत ते त्याच्याच बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

"तुमचं होऊ द्या, व्याही," ते म्हणाले. "मी बसतो."