टेपने मोजलेला प्रवास

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. दक्षिण ध्रुवापाशी जरा चेपलेला, आणि आस गंजल्यामुळे फिरताना कुरकुरणारा. एका कारखान्यात रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून मला घडवलं आणि एका शिंप्याने आपल्या मुलीला भूगोलाच्या अभ्यासासाठी विकत घेऊन दिलं. ती मला इतकी गरगरा फिरवायची की समुद्र कुठला नि वाळवंट कुठलं, माझं मलाच कळायचं नाही! फार लाडाचे दिवस होते ते.

पुढे ती नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि तिथेच तिने संसार थाटला. शिंप्याने मला शिलाई मशीनशेजारी आणून ठेवलं आणि आमच्या आणि तिच्या शहरावर एकेक टाचणी खुपसली. दुखलं, पण सांगतो कोणाला? मग गळ्यातली टेप काढून तो त्या दोन टाचण्यांमधलं अंतर मोजायचा.

“बघ गं, वीतभर तर आहे! विमानात डोळा लागला की पोचलोच.”

“अहो, मग कधी जायचं?” काजं करता करता बायको विचारायची. तिला एकदा लेकीचं घर पाहायचं होतं. बाकी काही नको होतं.

“जाऊ की. हातातले कपडे तेवढे होऊ देत.”

लेक फोनवर कळवळून सांगायची, “बाबा, मधे विमान बदलावं लागतं. घरातून निघाल्यापासून दीड दिवस जातो. आईला झेपतंय तोवर या ना!” पण शिंप्याचा भरवसा टेपवर. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक शिवणीत जादा कापडाची माया सोडणाऱ्या या माणसाने बायकोच्या दिवसांत मात्र जराही माया सोडली नाही. मला त्याचा राग यायचा.

आणि एकाएकी बायकोने अंथरूण धरलं. लेक मिळेल त्या विमानाने निघाली.

“कुठवर आली हो?” आई सारखी विचारू लागली. शिंप्याने मला उचलून तिच्या उशाशी ठेवलं आणि लेकीच्या शहरावर बोट टेकवलं. बोट हळूहळू पुढे सरकवत तो म्हणाला, “ही बघ, समुद्र ओलांडला. आता डोंगर लागले.” तिचा श्वास अडखळू लागला, तसं त्याचं बोट धावू लागलं आणि आमच्या टाचणीला येऊन भिडलं.

“आली गं, आली!”

ती दाराकडे पाहून हसली, आणि गेली. लेक तेव्हा मधल्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट पाहत बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती घरी पोचली. “आईने माझी आठवण काढली होती?” तिने विचारलं.

“तू आलीस, असं मी तिला सांगितलं,” एवढंच म्हणून शिंपी भिंतीकडे तोंड करून रडला.

मित्रांनो, माझ्या अंगावर सगळं जग हाताशी दिसतं. त्यावर विसंबू नका. माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल, पण तुमची कोणी वाट पाहत असेल, तर ते माणूस उठून दार उघडू शकतंय तोवर जाऊन या.