पाहुण्याची खुर्ची

"ओळखलंस का गो?"

पेणच्या कारखान्यात अपेक्षा गणपतीचे डोळे आखत बसली होती. पाठीमागून प्रश्न आला आणि तिचा हात जरा सरकून थांबला. आवाज नितेशचा होता. माणसाला थोडी तरी लाज असावी! पण ती असती, तर इतक्या वर्षांनी हा असा हसत हसत दारात उभा राहिला असता का?

तिनं कुंचला पाण्यात बुडवला, ओढणीला हात पुसले आणि मान न वळवता म्हणाली, "तशी ओळख हाय. जास्त नाय."

नितेशचं हसू तिथंच वाळलं. वाळणारच. शब्द त्याचेच होते.

खांब गावाच्या पलीकडं, रोह्याच्या बाजूला, एका गावात दोघांची घरं पाठीला पाठ लावून. एका घरात भाकरी भाजली की दुसऱ्या घरच्या पोटात जायची. शाळेत बाक एक, शेतात बांध एक. मुलगा-मुलगी म्हणून गावानं कधी बोट दाखवलं नाही, कारण दोघं रांगायच्या वयापासून गावासमोर वाढलेली.

मग गावातल्या केरूकाकानं अपेक्षाला पेणचं स्थळ आणलं. मुलाचा मामा चौकशीला निघाला, तर वडखळ नाक्यावर चहाच्या टपरीत त्याला नितेशच भेटला. तो त्याच गावचा निघाला म्हणून मामानं विचारलं, "त्या अपेक्षाचा तू कोण?" आणि या शहाण्यानं काय सांगावं? "तशी ओळख हाय. जास्त नाय."

झालं! सगळं गाव सांगतंय दोघं एका ताटात जेवली, आणि पोरगा म्हणतो जास्त ओळख नाही. म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. सुपारी फुटायच्या आधीच स्थळ मोडलं. लोकांनी तोंडं वाकडी केली ती अपेक्षाकडं बघून. आणि नितेश? तो आठवड्याच्या आत गुजरातेतल्या कंपनीत पळाला. निरोप नाही, फोन नाही.

स्थळाचं सुतक तिनं एक दिवसही पाळलं नाही. नवरे काय, बाजारात पडवळासारखे लटकलेले असतात. पण जन्माचा दोस्त एका कटिंग चहापायी आपल्याला ओळखत नाही म्हणतो, हे कुणाच्या पोटात जिरेल?

"अपे, मी तुझं नाव राखायला तसं बोललो," नितेश म्हणाला.

"का? नासलं होतं माझं नाव?"

"तसं नाय गो. आता मी परत आलोय, रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत लागलोय. तिथंच वरसे गावात खोली घेतलीय. मला बोलायचं हाय तुझ्याशी."

"कोपऱ्यात नाय बोलायचं. कोपऱ्यात बोलून एकदा घाण केलीस. रविवारी आमच्या शेतात पोपटी हाय. सगळे असतील, तिथं बोल. नायतर ही पायरी परत चढू नकोस."

तो गेला तेव्हा तिनं बघितलं, तर गणपतीच्या डाव्या डोळ्याची रेघ वाकडी गेलेली. देवाचा डोळा पुसून पुन्हा काढावा लागला. त्याचाही राग नितेशवरच.

रविवारी दिवस कलला तसे सगळे पोपटी भाजायला शेतात जमले. भात कापून झाल्यावर पेरलेला वाल आता शेंगांनी लगडला होता. मडक्यात शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा भरून झालं. आता तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला दाबायचा, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. उपडं घालायला माणसं दोन लागतात. एकानं मडकं फिरवायचं, दुसऱ्यानं तोंडाचा पाला दोन्ही हातांनी धरायचा. लहानपणी हे काम कायम या दोघांचं.

नितेश बांधावरून येताना दिसला. अपेक्षाच्या आईनं, हौसानं, त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि लेकाला हाळी दिली, "ए प्रविण, पाहुणं आलं रे! घरातून खुर्ची आण!"

पोपटीला खुर्ची! सगळे पेंढ्यावर मांडी घालून, आणि हा एकटा लाल प्लास्टिकच्या खुर्चीत, उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यासारखा. त्यात एक पाय ढेकळात रुतला नि खुर्ची कलली. पोरीबाळी फिदीफिदी हसल्या. तो पाल्याला हात लावायला उठला, तशी हौसा म्हणाली, "बसा हो. पाहुण्यानं खायचं असतं. मडक्याला घरच्यांचा हात लागतो."

प्रविणची बायको रोहिणी नवीच होती, तिला मागचं काही ठाऊक नव्हतं. तिनं साळसूदपणे विचारलं, "भावजी, तुम्ही अपेक्षाताईंचे कोण?"

केरूकाकाची विडी ओठातच राहिली. अपेक्षाची पाल्यावरची मूठ आवळली. आता जर हा पुन्हा तेच बोलला, तर आजपासून हा मला मेला.

नितेश उभा राहिला.

"माझी मैत्रीण हाय. पहिल्यापासनं. केरूकाका, तुमच्या त्या पाव्हण्याला मी खोटं सांगितलं. हिच्याइतकी ओळख मला कुणाचीच नव्हती. पण खरं बोलायला तोंड उघडलं असतं, तर मैत्रीच्या पुढचं पण बाहेर पडलं असतं. भ्यालो मी."

"आता सांगतोस रे मेल्या?" केरूकाका कडाडला. "माझी पत दोन्हीकडून गेली ना तेव्हा!"

अपेक्षा तरातरा पुढं आली. "नाव राखायला बोललो म्हणत होतास! स्वतःची कातडी राखलीस तू. आणि ते पुढचं? ते मला कधी विचारलंस? मी व्हय म्हणेन का नाय, ते पण तूच ठरवलंस नि पळालास?"

"चुकलो, अपे."

"तोंड होतं ना? मला विचारलं असतंस, तर त्या मामाला टपरीपर्यंत यायची गरजच पडली नसती!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं, आपण काय बोललो. रोहिणीनं तोंडावर पदर धरला. अपेक्षाचे कान तापले, पण राग हाताशी होताच.

"बघतोस काय? ती खुर्ची उचल आधी, आणि मडक्याचं तोंड धर!"

खुर्ची बांधापलीकडं गेली. नितेशनं पाला धरला, तिनं मडकं फिरवलं. सवय मोडलेली. त्याच्या बोटांतून पसाभर शेंगा निसटून मातीत पडल्या.

"एवढं पण विसरलास!"

"शिकव परत," तो हळूच म्हणाला.

हौसानं सगळं ऐकलं होतं. पेंढ्याला काडी लावत ती म्हणाली, "शिकवणं-बिकवणं मागनं. उद्या दिवसाउजेडी तुझ्या आईला घेऊन ये, काय बोलायचं ते मोठ्यांपुढं बोल. खुर्ची तिच्यासाठी ठेवते. तू खालीच बस."