वरच्या मजल्यावरचा आवाज

"भावजी, आता तुम्हीच निवाडा करा," मेहुणा म्हणाला आणि त्याने दोन खोकी आणि एक बिस्किटांचा डबा जेवणाच्या टेबलावर मांडला. "कुठला खेळ काढायचा? या दोघांचं जिना चढल्यापासून भांडण चाललंय."

मी पाण्याचा जग हातात घेऊन दारातच उभा राहिलो. ही गेल्यानंतर मंडळी पहिल्यांदाच घरी आली होती. एरवी दर रविवारी दुपारी यायची, पडदे ओढून बसायची आणि एकमेकांना घाबरवायची. या खेळात पट नसतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात. दार उघडायचे की पळायचे ते त्यांनी ठरवायचे. गोष्ट कायम ही सांगायची. मी कधी बसलो नाही. मी लिफ्ट दुरुस्त करतो, अंधाऱ्या खड्ड्यात उतरणे हे माझे रोजचेच. "यांना घेऊन काय करू?" ही म्हणायची. "भूत दिसलं तर हे त्याला ऑइल घालतील."

"फाशांचाच काढा," मास्तर म्हणाले. ते गणित शिकवून निवृत्त झाले आहेत. "कागदावर मनाच्या ताकदीचा आकडा असतो. भयंकर काही दिसलं की फासे टाकायचे, आकडा उतरतो. आपलं किती उरलंय ते समोर दिसतं. म्हणून पोटात गोळा येतो."

"कसला गोळा, मास्तर?" खालच्या मजल्यावरची पार्लरवाली म्हणाली. "भूत समोर उभं, आणि तुम्ही खोडरबर शोधताय! त्यापेक्षा ठोकळ्यांचा मनोरा घ्या. घाबरायची वेळ आली की एक ठोकळा ओढायचा. मनोरा पडला की तुम्ही मेलात. तिथे हात खरा थरथरतो. नाटक करावं लागत नाही."

"आणि पडला की? पुन्हा रचत बसा. नव्या मनोऱ्याला कोण घाबरतंय?"

"तुम्ही घाबरता. मागच्या वेळी ठोकळ्याला हात लावायच्या आधी चष्मा पुसत होतात."

मेहुणा हसला नाही. तो शिंपी आहे, टवाळकी करण्यात एक नंबर, पण आज त्याचे लक्ष डब्याकडे होते. "आणि ताईची पिशवी?" तो म्हणाला.

डब्यातली ती पिशवी त्यानेच शिवलेली, कोटाच्या उरलेल्या अस्तराची. आत पांढरे आणि काळे मणी. हात घालून न बघता एक काढायचा. पांढरा आला तर वाचलात. काळा आला तर ज्याची भीती होती तेच झाले. गोष्टीत कुणी दुसऱ्याला मागे टाकून पळाला, की ही बंद मुठीने आणखी एक काळा मणी आत सोडायची. आत काळे किती झाले, ते हिच्याशिवाय कुणाला कळायचे नाही.

पिशवीची गोष्ट अर्धी राहिली होती. नदीला पूर आलाय, तीन प्रवासी नावाड्याच्या रिकाम्या घरात अडकलेत, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी चालतेय. प्रवासी जिन्यापर्यंत पोचले आणि ही दवाखान्यात भरती झाली.

"वर कोण आहे तेवढं तरी कळू दे हो," मास्तर मला म्हणाले. "रात्री पंखा वाजला तरी मला तीच पावलं वाटतात. तुम्हाला सांगितलं असेलच की."

मी एकदा विचारले होते. भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "मलाच कुठे माहीत आहे? माहीत असतं तर मला भीती वाटली नसती. आणि मला नाही वाटली तर त्यांना काय वाटणार, कप्पाळ?"

मी पाण्याचा जग टेबलावर ठेवला, तशी पार्लरवाली हळूच म्हणाली, "नसेल सांगितलं तर मी रचते शेवट. नावाड्याची बायको घालू, पूर ओसरू दे, मोकळे होऊ. ताईंचं काही अडकून राहायला नको."

माझ्या घरात हिचे अडकून राहिलेले तेवढेच उरले होते. साड्या माझ्या बहिणी घेऊन गेल्या, चपला कुणाला तरी दिल्या. तो जिना मात्र अजून हिचा होता.

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "मी सांगतो."

तिघांनी माझ्याकडे पाहिले. मेहुण्याने मुकाट्याने हिची खुर्ची बाहेर ओढली. मी स्टूल घेतले.

"नियम माहीत आहे ना, भावजी?"

"माहीत आहे."

नियम हिने घातलेला. कुणी हात पालथा टेबलावर ठेवला की गोष्ट तिथेच थांबते. का, हे विचारायचे नाही. सांगणाऱ्याने उठून चहा टाकायचा. स्वयंपाकघरात मला तेवढेच कळायचे. ही आत यायची, "थांबलंय" म्हणायची आणि पातेले घ्यायची. फासे, मनोरा, पिशवी, कशानेही घाबरवता येते, पण थांबवता येते म्हणूनच माणसे जिना चढतात, असे हिचे म्हणणे होते.

दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन पुढे काय काय होत जाईल ते समजावत होते. मध्येच हिने चादरीवर हात पालथा ठेवला. डॉक्टरांना काय कळणार, ते बोलतच राहिले. मी म्हणालो, "डॉक्टर, थांबा." ते थांबले. उरलेले मी बाहेर बाकावर बसून एकट्याने ऐकले. हिने मला ते कधी विचारले नाही.

मी सांगायला लागलो. मला रंगवून बोलता येत नाही. लिफ्टची तक्रार लिहून घ्यावी तसे सांगितले: जिना लाकडी आहे, कठडा ओला आहे, वरची पावले थांबली आहेत. मास्तरांनी पिशवीत हात घातला. पांढरा. ते एक पायरी चढले. "च्यायला," ते म्हणाले. मास्तरांच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकला. पार्लरवालीनेही काढला. पांढरा. तिने पदराने ओठ पुसले.

"आता मी," मेहुणा म्हणाला. "मी वर जातो. दार आहे?"

"आहे. बंद आहे."

"उघडत नाही. कान लावतो. काय ऐकू येतं?"

मी काही ठरवले नव्हते. शेवटाला अजून अवकाश आहे, असे वाटत होते. ही बसस्थानकावर घोषणा करायची. दिवसभर एकाच सुरात, कुठेही न चढता, न उतरता. भुतांच्या गोष्टीही त्याच सुरात सांगायची, आणि त्यानेच यांच्या अंगावर काटा यायचा.

"बाई बोलतेय," मी म्हणालो. "सपाट आवाज आहे. एकामागून एक गावांची नावं घेतेय. कुठली गाडी कुठे लागली ते सांगतेय. खाली कुणी नाही, तरी सांगतेय."

मेहुण्याचा हात पिशवीत होता. मण्यांचा आवाज झाला, मग थांबला. त्याने हात रिकामाच बाहेर काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

कुणी का म्हणून विचारले नाही. मास्तरांनी पिशवीची नाडी ओढली. पार्लरवाली पडद्याच्या फटीकडे बघत बसली.

मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो. पातेल्यात पाणी ओतले, गॅस लावला. "थांबलंय," मी म्हणालो. बाहेरच्या खोलीतून मेहुण्याने नाक ओढल्याचे ऐकू आले.

साखरेचा डबा काढायचा होता. मग लक्षात आले, माझा हात ओट्यावर पालथा ठेवलेला आहे. मी तो तसाच राहू दिला. पाणी उकळायला लागले.