अकरा जणींचा खोकला

बान सरांनी माझी पाठ थोपटली आणि माझं डोकंच फिरलं.

"बोरम, अकराच्या अकरा कागद जुळतात. पदवीच्या पोरांकडून इतकी स्वच्छ माहिती मी पाहिली नव्हती," ते म्हणाले. "शाळेच्या कचेरीलाही पाठवून दिली. खूश आहेत तिथे."

खूश असणारच. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आमच्या इक्सान शहरातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरावर होता. तळणाच्या धुरात राबणाऱ्या बायकांची छाती आणि त्यांचं मन. खोकला किती, धाप किती, झोप उडते का, कामावर यायची धास्ती वाटते का. शून्य ते चार असे आकडे. अकरा जणींनी सगळीकडे शून्य लिहिलं होतं. त्या अकरांत माझी आई होती. रोज सकाळी ती न्हाणीघरात ओणवी होऊन खोकते आणि मी भिंतीपलीकडे दात आवळून ऐकते.

कढयांवरचा धूर ओढणारा पंखा कधीच सडलाय. तो या उन्हाळी सुट्टीत बदलायचा ठरला होता. माझे कागद पोचले आणि कचेरीने बेत रद्द केला. विद्यापीठच सांगतंय ना, बायका ठणठणीत आहेत.

घरी आले तेव्हा आई लसूण सोलत बसली होती.

"खोटं का लिहिलंस?"

"ओरडू नकोस. ओक्बुनताईंनी शून्य लिहिलं. वीस वर्षं धुरात उभी असलेली बाई ठीक, आणि मी तेवढी नाजूक?"

"त्यांचा कागद तू पाहिलास?"

"सगळ्यांनीच पाहिला. तूच तर त्यांना पहिला दिलास, दोन्ही हातांनी, वाकून. त्या लिहीपर्यंत आम्ही पेन धरून गप्प बसलो होतो."

मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. ओक्बुनताई तिथल्या सगळ्यांत थोरल्या. थोरल्या माणसाच्या आधी दुसऱ्या कुणाला कागद द्यायचा, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आजोबांनी चमचा उचलल्याशिवाय आमच्या घरात कुणी भाताला हात लावत नाही. चार वर्षं मानसशास्त्र घोकलं आणि पाहणीला जाऊन मी पंगत वाढून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांच्या खोलीत गेले.

"सर, हे कागद रद्द करा. मी पुन्हा करते. आणि शाळेला कळवा, माहिती चुकीची आहे."

"सोमवारी प्रकल्पांचं प्रदर्शन आहे. बक्षीस तुझंच धरून चाल. मी सही करून पाठवलंय, आता मला तोंडघशी पाडतेस?"

"माझी आई खोकते, सर."

"एका बाईवरून निष्कर्ष काढायचा नसतो. पहिल्या वर्षाला शिकवलंय हे."

"एका बाईवरूनच काढलाय. बाकीच्या दहा जणींनी त्या थोरल्या बाईचं बघून लिहिलंय."

सर चष्मा पुसायला लागले. शेजारच्याचं बघून लिहिणाऱ्या पोरांना हा माणूस परीक्षेतून उठवून लावतो, आणि इथे त्याला ती स्वच्छ माहिती वाटत होती. दार आपटून बाहेर पडले. तसं मी कधी केलं नव्हतं, पण बरं वाटलं.

दुपारी भांडी घासून झाल्यावर स्वयंपाकघरात गेले. या वेळी एकेकीला कोठीत बोलावलं, दार लावून, आणि सगळ्यांत धाकटीपासून सुरुवात केली. हेसुक अजून तिशीचीही नाही. तिने खोकल्यापुढे चार लिहिलं आणि कागद उलटा ठेवला. आईने तीन लिहिलं, माझ्याकडे पाहिलं, खोडून चार केलं.

ओक्बुनताई शेवटी आल्या.

"मला शेवटी. रागावलीस तर."

"हो. तुमच्या शून्यामुळे पंखा गेला."

त्या तांदळाच्या पोत्यावर बसल्या. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली होती.

"सगळ्या बघत होत्या, पोरी. मी चार लिहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडाने त्यांना कढईपाशी उभं केलं असतं?"

राग होता तसाच होता, फक्त तो आता या बाईवर काढता येत नव्हता. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि सावकाश एकामागून एक चार लिहीत गेल्या. मग कागदाची मागची बाजू पाहिली.

"नाव कुठे लिहायचं?"

"नाव नसतं, ताई. कुणाला त्रास होऊ नये म्हणून."

"त्रास व्हायचा काय राहिलाय? नावं नसली की परत म्हणतील, कुठल्या तरी बाया."

त्यांनी माझ्या प्रकल्पाच्या शीर्षकावरच ठळक अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं, उठल्या आणि कोठीचं दार सताड उघडलं.

"आपापले कागद घ्या गं, आणि नावं घाला."

थोरलीने लिहिलं होतं. बाकीच्या दहा जणी हात पुसून पेनासाठी रांगेत उभ्या राहिल्या.