न विचारता फोडलेले डबे

उत्तरा चार दिवसांनी मुलुंडहून घरी आली. बहिणीचं, रुक्मिणीचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पिशवी ठेवायला ती आतल्या खोलीत गेली आणि दारातच थबकली. दिवाणाखालचे पत्र्याचे डबे बाहेर ओढलेले होते. चौदांपैकी पाच तर नव्हतेच, आणि उरलेल्या नवांची झाकणं सताड उघडी. लादीवर मेणाचे तुकडे पडले होते, कुणीतरी सुरीने खरवडून काढलेले. खिडकीतून श्रावणातली ओलीगच्च हवा सरळ डाळीवर येत होती.

दर मे महिन्यात दिंडोशीच्या त्या इमारतीच्या गच्चीवर ती तांदूळ, तूरडाळ, चवळी, कुळीथ कडकडीत वाळवायची. निवडून, गार करून, डाळींना एरंडेल चोळून डब्यांत काठोकाठ भरायची, वर हवा शोषून घेणारी पुडी टाकायची आणि झाकणाची फट मेणाने बुजवायची. असा डबा दोन वर्षं बघावा लागत नाही. पण एकदा फोडला की पावसाळ्यात पंधरा दिवसांत टोके-किडे पडतात.

हे वेड तिला उगाच लागलं नव्हतं. गिरण्यांचा संप झाला तेव्हा ती आठ वर्षांची होती. वडील दशरथ घरी बसले. एकदा आई वाटीभर तांदूळ मागायला शेजारी गेली आणि रिकामी वाटी पदराखाली लपवून परत आली. ती वाटी उत्तराने पाहिली होती. नवऱ्याला, विद्याधरला, हे सगळं ठाऊक होतं. तरी पाहुणे आले की तो हसत सांगायचा, “आमच्या हिचं रेशनचं दुकान बघितलंत का?”

आता तोच विद्याधर नवा झब्बा घालून बाथरूममधून बाहेर आला.

“आलीस? बरं झालं. आज खाली पूजा आहे, संध्याकाळी भंडारा. तीन डबे तांदूळ नि दोन डबे डाळ आपल्याकडून दिली. फळ्यावर नाव लिहिलंय माझं.”

“आणि हे बाकीचे कशाला फोडलेत?”

“अगं, कशात काय आहे कळेना.”

“प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे.”

“हो का? नाही बघितलं बुवा.”

“मला एक फोन करता येत नव्हता?”

“त्यात विचारायचं काय? घरातलंच तर आहे. नि देवाच्या कामाला दिलं, वाया नाही घालवलं.”

उत्तराची कानशिलं तापली. तीस वर्षांत या माणसाने एक मूठ डाळ निवडली नव्हती. गोणी कधी गच्चीवर चढवली नव्हती. तिने पायात चपला सरकवल्या आणि ती तडक खाली गेली.

मांडवाच्या तोंडाशीच फळा होता. ‘तांदूळ व डाळ : श्री. विद्याधर परब.’ मागच्या बाजूला आचारी धाकू मोठ्या टोपात तांदूळ धूत होता. बाकीचे चार डबे भिंतीला लावून ठेवले होते.

“वयनी, तांदूळ बघताच माका समाजला,” धाकू म्हणाला, “ह्यो विकतचो न्हय.”

“तो धुतलात तो राहू दे. बाकीचे चार वर जाणार.”

सोसायटीचा सेक्रेटरी हर्षद धावत आला. “काकी, असं काय करता? प्रसादाचं सामान परत कसं न्यायचं?”

“प्रसाद शिजल्यावर होतो रे. हे अजून कच्चं आहे. आणि माझं आहे. मला कुणी विचारलं नाही.”

तिने पुढे जाऊन तळव्यानेच फळ्यावरचं नाव पुसलं. खुर्च्या लावणाऱ्या बायका थांबून बघू लागल्या. तेवढ्यात विद्याधर लिफ्टमधून उतरला.

“उत्तरा, चार लोकांत शोभा करू नकोस.”

“शोभेचं एवढं वाटतं ना? मग उचला डबे.”

“मी?”

“दिलेत तुम्ही, न्यायचे पण तुम्हीच.”

ती जागची हलेना. विद्याधरने इकडेतिकडे पाहिलं आणि पहिला डबा उचलला. पंधरा किलोचा डबा पोटाशी धरून त्याने चार खेपा केल्या. डाळीला चोळलेलं एरंडेल डब्यांच्या कडांवरून झब्ब्याला लागलं. हर्षदने वाण्याकडून तांदूळ-डाळ मागवली आणि भंडारा झाला. ती जेवायला गेली नाही.

पुढचे आठ दिवस तिने डाळी मंद आचेवर थोड्या थोड्या भाजल्या. ऊन नव्हतंच. स्वयंपाकघराची भट्टी झाली, मनगटं भरून आली. तरी तांदळाच्या दोन डब्यांत जाळी धरलीच. ते फेकताना तिला रडू आलं नाही, नुसता संताप आला. तिसऱ्या दिवशी विद्याधर दारात उभा राहून म्हणाला, “एवढं काय झालं गं त्यात?” चुकलो मात्र म्हणाला नाही.

नवव्या दिवशी तिने टेम्पो बोलावला आणि वाचलेले अकरा डबे, नवीन पुड्या टाकून, मेण लावून, रुक्मिणीकडे मुलुंडला न्यायला काढले.

“अगं, मग घरात काय खायचं?” विद्याधरने विचारलं.

“खाली वाणी आहे. आजपासून सामान तुम्ही आणायचं.”

ती ड्रायव्हरशेजारी बसली. दार दोनदा ओढलं तेव्हा लागलं.