बाळकृष्णाचं नाक

बाळकृष्णाला नाक आलं आणि आई दुसऱ्यांदा गेली.

बरं, असं काही झालेलंच नाही. आई एकदाच गेली आहे, मागच्या वर्षी, रीतसर, दाखल्यासकट. देवघरातल्या पितळी बाळकृष्णाला नाक नाही आणि घरात सगळं ठीक आहे. आपण इथूनच सुरुवात करू.

घरात माणसं दोन. बाबा, म्हणजे आयुष्यभर बस चालवून घरी बसलेले आणि हल्ली डोळ्यांनी निम्म्यावर आलेले गृहस्थ. दुसरी त्यांची मुलगी. ती एका लॅबमध्ये खोटे दात बनवते, म्हणून बाबा तिला कवळी म्हणतात. आई होती तोवर बाबांचा देवाशी फारसा व्यवहार नव्हता. "वर कुणीतरी तपासनीस आहे, एवढं कळलं की ड्रायव्हरला पुरतं," असं म्हणायचे. पूजा आईची. ती गेली आणि एका सकाळी बाबा आंघोळ करून देवघरासमोर जाऊन बसले. तेव्हापासून रोज.

कवळी चहा पिता पिता बघायची. बाबा देवांना ताम्हनात घेत, कोमट पाणी घालत, पुसत. बाकीच्यांचं पटापट उरकायचं, थांब्यावर उतारू उतरवावेत तसं. बाळकृष्णापाशी मात्र गाडी थांबायची. रांगतं बाळ, एका हातात लोण्याचा गोळा, आणि चेहरा वापरलेल्या साबणासारखा गुळगुळीत. त्या चेहऱ्यावरून बाबा अंगठा फिरवायचे. फिरवतच राहायचे. त्यांच्या कपातला चहा निवून जायचा.

नाक शोधताहेत, कवळीला वाटलं. डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागत नाही. झिजलेलं काही दिसलं की नीट करायचं, एवढं एकच काम तिला उत्तम येत होतं.

"बाबा, बाळकृष्णाला दोन दिवस नेते. चकचकीत करून आणते."

"रुमालात गुंडाळ. बाहेर गार आहे."

"पितळ आहे ते!"

"तू हाडामांसाची आहेस म्हणून स्वेटर घालतेसच ना?"

तिने रुमाल घेतला.

लॅबची मालकीण परदेशातून आलेली, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने भिंगातून मूर्ती पाहिली. "हे कोण? आणि याचे दात कुठे गेले?"

"देव आहे. आणि दात कधी नव्हतेच, बाळ आहे."

"पण तुमचा देव सगळीकडे असतो म्हणाली होतीस."

"असतोच. पण सगळीकडे असलेल्याला आंघोळ कशी घालणार? तेवढा टॉवेल कुठून आणायचा? म्हणून घरापुरता एक छोटा. त्याला उठवायचं, न्हाऊ घालायचं, जेवायला वाढायचं."

"तो जेवतो?"

"नाही. मग आपण जेवतो. पण आधी त्याला विचारून."

मालकिणीकडे मांजर होतं, त्यामुळे एवढं तिला लगेच कळलं. "आणि माणूस गेला की?"

"आत्मा राहतो. दुसरं शरीर घेतो, कर्माप्रमाणे."

"मग तुझी आई आता कुठे असेल?"

"नवा पत्ता कळवायची पद्धत नाही," कवळी म्हणाली आणि तिने मशीन सुरू केलं.

दाढांना खाचा पाडायचं ते बारीक यंत्र. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कोरलं तसं मधून नाक वर आलं. मग डोळे आले, पापण्या आल्या, ओठांच्या कडेला जरासं हसू. पितळेचा भुगा नळीने ओढून पिशवीत जमा होत होता. कुणाच्या खोट्या दातावर तिने एवढा जीव लावला नव्हता.

शनिवारी सकाळी बाबांनी बाळकृष्णाला आंघोळ घातली. अंगठा चेहऱ्यावर ठेवला, वर नेला. अडकला. मागे आला, पुन्हा गेला, पुन्हा अडकला. रोजचा रस्ता खोदून ठेवलेला दिसावा तसे ते थांबून राहिले.

"छान झालंय," ते म्हणाले. "नाक तुझ्यावर गेलंय."

"मग असे का बसलात?"

"यातून निघालेलं पितळ कुठंय गं?"

"मशीनच्या पिशवीत होतं. काल कचऱ्याची गाडी घेऊन गेली. का?"

बाबांनी बाळकृष्णाला कोरडं केलं, जागेवर ठेवलं. "आमच्या लग्नात आला तेव्हा चांगलं धारदार नाक होतं याला. तुझी आई रोज अंगठ्याने तोंड पुसायची. पुसून पुसून तिनेच घालवलं."

"म्हणजे तुम्ही नाक शोधत नव्हता?"

"नाक घेऊन काय करू? तिचा अंगठा जिथून जायचा, तिथून माझा नेत होतो. देवाला माहीत होतं. त्याची काही तक्रार नव्हती."

कवळीला हुंदका फुटला. "मी घासून देते. होता तस्सा."

"नको. तो गुळगुळीतपणा तुझ्या हातचा होईल." बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मघाच्याच ओल्या अंगठ्याचा. "रडू नकोस, कवळे. देव सगळीकडे असतो. तुझी आईच तेवढी एका जागी उरली होती."

दुसऱ्या दिवशी बाबांनी पूजा केली. बाळकृष्णाला डोक्याच्या मागून धरून पुसलं, बाकीच्यांसारखंच पटकन. चहा गरम असतानाच प्यायले.

सोमवारी लॅबमध्ये बोटं मेणात असताना कवळीने मनातल्या मनात अर्ज लिहायला घेतला.

मा. अधिकारी, कचरा विभाग, यांस. विषय: अंगठा परत मिळण्याबाबत. शुक्रवारी आमच्या लॅबमधून उचललेल्या पिशवीत, दातांच्या भुग्यात, चिमूटभर पितळ नजरचुकीने गेले आहे. सदर पितळावर अर्जदाराच्या आईचा उजवा अंगठा आहे. तरी तो दातांपासून वेगळा करून, शक्यतो न पुसता, पूर्वीच्या जागी बसवून मिळावा. बदल्यात नाक विनाअट परत करण्यास आम्ही तयार आहोत.